सांगायची किंमत आणि स्वीकारायची किंमत

पत्र: «माझ्याकडे विक्रीसाठी १५० डोमेन नावे, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते, आहेत. त्यांतली ९० डॉट कॉम असून उरलेली ६० नव्या एक्स्टेन्शनची, म्हणजे ‘डॉट’नंतर कॉमऐवजी नवा शब्द असलेली, आहेत. नूतनीकरणावर वर्षाला सुमारे २,२०० डॉलर जातात. त्यांतले ९९० डॉट कॉमवर आणि बाकीचे त्या साठ नावांवर. दोन वर्षांत तीनच नावे विकली गेली. तिन्ही डॉट कॉम होती आणि तिन्ही मिळून २,४०० डॉलर आले. किमती मी एका स्वयंचलित मूल्यांकन साधनावरून लावल्या होत्या. गेल्या महिन्यात दोन शब्दांच्या एका नावासाठी विचारणा आली. त्याची किंमत २,४०० डॉलर लावलेली होती. खरेदीदार गंभीर वाटला म्हणून मी ती रातोरात ९,००० केली. त्यानंतर त्याचे उत्तर आलेले नाही. आता सगळ्याच किमती निम्म्यावर आणाव्यात असे मनात आहे. किंमत ठरवायची कशी, बदलायची केव्हा, आणि ती उघड लावावी की ‘आपली बोली कळवा’ एवढेच लिहावे?»

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. खरेदीदार आला तेव्हा आपण किंमत चढवली, आणि खरेदीदार येत नाही म्हणून आता ती उतरवायला निघाला आहात. माझ्या मते या दोन्ही वेळी चुकीची किंमत हलवली जात आहे. डोमेनच्या व्यवहारात किमती दोन असतात. एक सांगायची. ती घेणारा कोण आहे, त्याची निकड किती आहे, त्याच्या खिशात किती आहे यांतले काहीही ठाऊक नसताना, केवळ नावाकडे आणि बाजाराकडे पाहून ठरवावी लागते, आणि म्हणूनच ती शांतपणे ठरवून वारंवार हलवायची नसते. दुसरी स्वीकारायची. ती प्रत्यक्ष माणूस समोर आल्यावर, त्या माणसाचा अंदाज घेऊन ठरते आणि तिच्यात लवचीकपणा असायलाच हवा. माणूस समोर असताना आपण पहिली किंमत बदललीत. माणूस समोर नसताना आता, घासाघिशीत द्यायची ती सूट सगळ्या जगाला आगाऊ देऊ पाहत आहात.

निम्म्या किमतींचे पुढे पाहू. त्याआधी आपण दिलेल्या आकड्यांचाच हिशेब मांडतो, कारण तो आपल्या पत्रातल्या निराशेपेक्षा वेगळे काही सांगतो. दोन वर्षांत तीन विक्री म्हणजे वर्षाला सरासरी दीड. १५० नावांच्या मानाने हे प्रमाण एक टक्का पडते. ऐकायला ते फारच कमी वाटेल, परंतु या व्यवसायात मुरलेली माणसेही वर्षाला एक-दोन टक्के नावे विकली जाणे हे सर्वसाधारण मानतात. एका विक्रीचे सरासरी ८०० डॉलर आले. विक्रीस्थळाचे कमिशन १५ टक्के धरले तर हातात ६८० पडले, म्हणजे वर्षाला १,०२०. खर्च मात्र २,२००. आता किमती निम्म्या झाल्या असे समजा. प्रत्येक विक्रीमागे ३४० डॉलर हाती येतील आणि नुसता खर्च भरून निघण्यासाठी वर्षाला साडेसहा नावे विकली जावी लागतील, म्हणजे आजच्या चौपटीहून अधिक. किंमत अर्धी केल्याने विक्री चौपट होईल असे मानायला मला काही आधार दिसत नाही. ज्याला अमुक एक नाव आपल्या धंद्यासाठी हवे आहे तो ते घेतो, आणि ज्याला नको आहे तो फुकट दिले तरी घेत नाही. कारण त्याला दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे भरायचे असतात. स्वस्ताई पाहून धावून येतात ते आपल्यासारखेच दुसरे व्यापारी, आणि त्यांची किंमत आपल्या निम्म्या किमतीपेक्षाही पुष्कळ खाली असते.

हेच आकडे डॉट कॉम आणि इतर असे वेगळे काढले की चित्र पालटते. डॉट कॉम नावांवर ९९० डॉलर खर्च झाले आणि १,०२० हाती आले. नफा म्हणावा असे त्यात काही नाही, पण ती नावे स्वतःचा भार स्वतः उचलत आहेत. उरलेल्या साठ नावांवर वर्षाला १,२१० डॉलर जातात आणि दोन वर्षांत त्यांनी एक डॉलरही दिलेला नाही. आपला तोटा जवळजवळ सगळा तिथे आहे. किंमत चुकली असे वाटायला लावणारी पुष्कळशी दुखणी खरे तर यादीची दुखणी असतात, आणि चुकीच्या यादीला कोणतीही किंमत लावली तरी ती बरी होत नाही. तीन विक्रींवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे आहे. तरीही साठ नावांवर दोन वर्षांत विचारणासुद्धा आलेली नसेल, तर आधी ती यादी छाटावी आणि किमतींना मग हात लावावा.

इथे डॉट कॉम आणि नव्या एक्स्टेन्शनमधला एक फरक किंमत लावताना विसरला जातो. डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे त्या सगळ्या नावांची मूळ नोंदवही, व्हेरिसाइन ही कंपनी चालवते आणि तिचा घाऊक दर प्रत्येक नावाला सारखाच असतो. २०१२ पासून २०२१ च्या ऑगस्टपर्यंत तो ७.८५ डॉलर होता, मग टप्प्याटप्प्याने वाढत १ सप्टेंबर २०२४ रोजी १०.२६ झाला. एका अक्षराचे नाव असो की वीस अक्षरांचे, दर तोच, आणि त्याच्या वाढीवर कराराने मर्यादा घातलेली आहे. नव्या एक्स्टेन्शनच्या रजिस्ट्रींवर अशी मर्यादा नाही. शिवाय त्यांतल्या कित्येक जणी चांगल्या शब्दांना ‘प्रीमियम’ ठरवून त्यांचे नूतनीकरणही दरवर्षी चढ्या दराने घेतात. हा बोजा नावाबरोबर खरेदीदाराकडे जातो. म्हणून ज्या नावाचे नूतनीकरण वर्षाला शंभर डॉलर आहे त्याची किंमत अकरा डॉलरवाल्या नावाच्या बरोबरीने लावणे म्हणजे घेणाऱ्याला त्याचा हिशेब येत नाही असे गृहीत धरणे आहे. त्या साठांपैकी जिथे शब्द आणि एक्स्टेन्शन मिळून बोलण्यातला एखादा सहज वाक्प्रयोग तयार होतो, किंवा जिथे ते एक्स्टेन्शन त्या व्यवसायात खरोखर रुळलेले आहे, तेवढीच ठेवावीत. माझा अंदाज असा की ती दहा-बाराच्या पुढे जाणार नाहीत.

आता किंमत ठरवण्याविषयी. स्वयंचलित साधन शब्दांची लांबी, शब्दांचा वापर, एक्स्टेन्शन आणि मागच्या नोंदलेल्या विक्री यांवरून एक आकडा देते. आपले नाव नेमके कोणाला लागेल हे त्याला कळत नाही, आणि किंमत तर तिथेच ठरते. दोन नावांपैकी वरचढ कोणते एवढ्या तुलनेसाठी ते चालेल. त्याचा आकडा आपली किंमत म्हणून लावू नये. मात्र एक व्यवहारी गोष्ट ध्यानात ठेवावी: यांतली काही साधने फुकट असल्याने खरेदीदारही तो आकडा पाहून येतो. आपली किंमत त्या आकड्याच्या कितीतरी पट असेल तर खरेदीदार तो आकडा पुढे करणार, आणि तेव्हा ‘यंत्राला काय कळते’ असे म्हणून भागत नाही.

त्याऐवजी प्रत्येक नावासाठी संभाव्य खरेदीदारांची मोजणी करावी. हेच शब्द इतर एक्स्टेन्शनमध्ये किती जणांनी घेतले आहेत आणि त्यांतल्या किती ठिकाणी चालता धंदा आहे? पुढे-मागे एखादा शब्द जोडून लांबट डॉट कॉमवर काम भागवणाऱ्या कंपन्या किती? त्या नावाने नोंदलेल्या संस्था किती, आणि त्यांतल्या कोणाला एका नव्या ग्राहकापासून भरपूर मिळकत होते? दुरुस्तीची छोटी कामे करणाऱ्याला एका ग्राहकामागे जे मिळते त्यापेक्षा वकिलाला, विमा विकणाऱ्याला किंवा सॉफ्टवेअर कंपनीला खूप जास्त मिळते, आणि त्यामुळे तेवढ्याच लोकप्रिय शब्दांची किंमत या दोन क्षेत्रांत सारखी नसते. मग उलट बाजूने पाहावे: या खरेदीदाराला आपले नाव मिळाले नाही तर तो काय करील? शब्द उलटे करून, एकवचनाचे अनेकवचन करून किंवा एखादे क्रियापद जोडून त्याचे काम अकरा डॉलरमध्ये होत असेल, तर आपली किंमत हजारांत नेता येणार नाही. पर्याय जितके गैरसोयीचे, तितकी किंमत तग धरते. माझ्या दृष्टीने किंमत ठरवताना सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर द्यायला हवा, आणि बहुतेक विक्रेते नेमका तोच टाळतात, कारण उत्तर मनासारखे येत नाही.

मागच्या विक्रींशी तुलना करायलाच हवी. त्यासाठी नेमबायोसारख्या नोंदसंग्रहात हजारो व्यवहार सापडतात. पण तो संग्रह वाचण्याची एक रीत आहे. त्यातल्या पुष्कळ नोंदी मुदत संपलेल्या नावांच्या लिलावातल्या आहेत, म्हणजे व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेल्या घाऊक किमती आहेत. त्या आपल्या किरकोळ किमतीशी जुळणार नाहीत. उलट, खाजगीत झालेले आणि गोपनीयतेच्या अटीने बांधलेले व्यवहार तिथे दिसतच नाहीत. सर्वांत मोठी उणीव अशी की न विकली गेलेली नावे कुठेच नोंदलेली नसतात. ज्या शब्दाचे एक नाव ५,००० डॉलरला गेले, त्याच शब्दाची शंभर नावे त्याच किमतीवर वर्षानुवर्षे पडून असतील, तरी संग्रहात आपल्याला एकच दिसते. म्हणून एखाद्या शब्दाच्या दहा-वीस नोंदी काढून त्यांतली मधली किंमत पाहावी आणि सर्वांत वरच्या दोन-तीन सोडून द्याव्यात.

मोठ्या बातम्यांचाही असाच बंदोबस्त करावा. २०१९ साली मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीने व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला विकले. २०२३ साली चॅट डॉट कॉम दीड कोटीहून अधिक किमतीला गेले. दोन्ही एकशब्दी, रोजच्या वापरातले शब्द होते, दोन्ही ठिकाणी घेणाऱ्याकडे भांडवल मुबलक होते आणि तोच शब्द त्याला हवा होता. अशा विक्रींवरून आपल्या दोन शब्दांच्या नावाबद्दल काहीच कळत नाही. तीन अक्षरी डॉट कॉमचेही गणित निराळे आहे. इंग्रजी अक्षरांची अशी नावे एकूण १७,५७६ च होऊ शकतात, ती सगळी केव्हाच घेतली गेली आहेत, आणि त्यांना व्यापारीही हात लावतात. त्यामुळे त्यांच्या किमतीला खालून आधार असतो. आपल्या यादीला तसा आधार नाही. व्यापाऱ्याला विकायचे झाल्यास आपल्या बहुतेक नावांना नोंदणीखर्चाच्या आसपासच मिळेल, हे मनाशी स्पष्ट असू द्यावे.

प्रत्यक्ष आकडा लावताना खरेदीदाराच्या घरातला निर्णय कोण घेतो याचा विचार उपयोगी पडतो. एका मर्यादेपर्यंत लहान धंद्याचा मालक कोणाला न विचारता कार्डाने पैसे भरतो. त्यापुढे भागीदार किंवा जोडीदार यांना विचारावे लागते. आणखी वर गेले की वकील, दलाल आणि एस्क्रो (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा त्रयस्थ) येतात आणि व्यवहाराला आठवडे लागतात. सामान्य दोन शब्दांच्या नावासाठी ही पहिली पायरी माझ्या समजुतीने दोन ते तीन हजार डॉलरच्या दरम्यान कुठेतरी असते. म्हणूनच आपली २,४०० ही किंमत मला मुळात योग्य वाटली होती. किंमत २,५०० ऐवजी २,४८८ लिहावी का, यावर विक्रेते तासन्‌तास बोलतात. त्यात वेळ घालवू नये.

किंमत उघड लावावी का, याचे उत्तर आपल्या यादीपुरते होय असे आहे. आफ्टरनिक आणि सेडो या विक्रीस्थळांच्या वितरणजाळ्यातून आपले नाव अनेक रजिस्ट्रारच्या, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपन्यांच्या, शोधपानावर किमतीसह दिसते आणि खरेदीदार तिथल्या तिथे पैसे भरून ते घेऊ शकतो. पण त्यासाठी किंमत निश्चित असावी लागते आणि बहुतेक वेळा जलद हस्तांतराला, म्हणजे विक्री होताच नाव आपोआप सुपूर्द होण्याला, आपण संमती दिलेली असावी लागते. नाव शोधायला बसलेला माणूस त्या क्षणी घ्यायच्या मनःस्थितीत असतो, आणि ‘बोली कळवा’ असे वाचून तो दुसऱ्या नावाकडे वळतो. किती सांगावे हेच त्याला कळत नाही. कमी सांगितले तर हसे होईल आणि जास्त सांगितले तर फसू, अशी त्याला धास्ती असते. यादीतली जी चार-पाच नावे आपल्याला खरोखर वेगळी वाटतात, ज्यांचा खरेदीदार मोठा असू शकतो, तेवढ्यांवर किंमत न लिहिता किमान बोली ठेवावी. हप्त्याने देण्याची सोयही चालू ठेवावी. तिच्यात एकूण किंमत थोडी जास्त धरता येते आणि हप्ते पूर्ण होईपर्यंत नाव विक्रीस्थळाच्या ताब्यात राहते. एक काळजी मात्र घ्यावी: प्रत्येक विक्रीस्थळी किंमत एकच असावी. निश्चित किंमत ही बांधील असते. एका ठिकाणी वाढवली आणि दुसरीकडे जुनीच राहिली, तर कोणीतरी ती जुनी शोधून पैसे भरील आणि नाव द्यावे लागेल.

आता बदलण्याविषयी. विक्री झाली की नाही यावरून किंमत बरोबर आहे की नाही हे ओळखता येईल असे आपण गृहीत धरले आहे. आपल्या आकारमानाच्या यादीत ते ओळखता येत नाही. वर्षाला एक टक्का हे प्रमाण असताना १५० नावांपैकी एकही न विकले जाण्याची शक्यता सुमारे २२ टक्के असते, म्हणजे सगळे काही बरोबर चालले असतानाही साधारण पाच वर्षांतले एक वर्ष कोरडे जाणार. यादी छाटून शंभरावर आणली तर ती शक्यता ३७ टक्क्यांपर्यंत जाते. अशा कोऱ्या वर्षाकडे पाहून जो किमती उतरवतो तो योगायोगावर उपचार करत असतो. ‘वीस नावांची किंमत कमी करून पाहू’ हा प्रयोगही याच कारणाने निरुपयोगी आहे. वीस नावांवर वर्षभरात काही घडले नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

विक्रीऐवजी विचारणांवर लक्ष ठेवावे, कारण त्या संख्येने अधिक असतात आणि त्यांतून काहीतरी कळते. नावाच्या पानावर माणसे येतच नसतील तर अडचण किमतीची नाही, नावाची आहे. भेटींचे आकडे पाहताना त्यांत यंत्रांनी मारलेल्या चकरा पुष्कळ असतात हेही धरून चालावे. माणसे येतात, विचारतात आणि आकडा ऐकून निघून जातात, असे एकाच नावाबाबत दोन-तीनदा झाले, तर मात्र किंमत अडवते आहे असे समजायला हरकत नाही. त्या वेळी पाच-दहा टक्के कमी करण्यात अर्थ नसतो. ४,८०० वर थांबलेला खरेदीदार ४,५०० वर हो म्हणत नाही. किंमत निर्णयाच्या खालच्या पायरीत यायला हवी, म्हणजे सरळ २,४०० च्या घरात. वाढवण्याचेही तसेच. एकमेकांशी संबंध नसलेल्या खरेदीदारांकडून थोड्या काळात विचारणा आल्या, त्याच शब्दांच्या नव्या कंपन्या निघू लागल्या, त्या क्षेत्रात पैसा येऊ लागला, तर किंमत वाढवावी. पण कोणीही दारात उभे नसताना वाढवावी. एका माणसाने विचारले यावरून नावाला मागणी आहे असे ठरत नाही. त्याने विचारले ते आपण लावलेली किंमत वाचून, आणि ती त्याला पटण्याजोगी वाटली म्हणूनच.

या सगळ्याचा ताळा स्वीकारायच्या किमतीशी लागतो, आणि तिथे एक हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. २,४०० डॉलरच्या नावाची वर्षभरात विक्री होण्याची शक्यता एक टक्का आणि कमिशन वजा जाता हाती २,०४० असे धरले, तर वाट पाहण्याचे वर्षाचे अपेक्षित मोल २० डॉलर ४० सेंट होते. त्यातून नूतनीकरणाचे ११ गेले की उरतात ९ डॉलर ४० सेंट. समजा कोणी ५०० डॉलर देऊ करतो आणि हाती ४२५ पडणार आहेत. ही रक्कम पंचेचाळीस वर्षे वाट पाहण्याच्या बरोबरीची झाली! ‘दुसरा कोणी पूर्ण किंमत देईल’ या आशेवर ५०० नाकारणे म्हणूनच बहुधा चुकीचे असते. याचा अर्थ ५०० लगेच घ्यावेत असा नव्हे, कारण प्रत्येक नाव तसे गेले तर आपली सरासरी ८०० च्याही खाली येईल आणि डॉट कॉमचा हिशेबही तुटीत जाईल. नाकारण्याचे एकच कारण ग्राह्य आहे: समोरचा हाच माणूस आणखी वर येईल असे वाटणे. तो कंपनीच्या ईमेलवरून लिहितो का, तोच शब्द वापरून त्याचा धंदा चालू आहे का, त्याने उत्तर किती लवकर दिले, यांवरून तो अंदाज बांधावा. मग आपला आकडा आणि त्याची मुदत स्पष्ट लिहून कळवावी. ‘तुमची सर्वोत्तम बोली सांगा’ असे लिहून चेंडू त्याच्याकडे टोलवू नये. प्रत्येक नावासमोर आपली तळाची किंमत आधीच लिहून ठेवलेली असावी, नाहीतर त्या क्षणीची हाव किंवा भीती ती ठरवते.

गेल्या महिन्यातल्या खरेदीदाराला एकदाच, चार ओळींचे पत्र लिहावे. वाढवलेली किंमत मागे घेतली आहे, आधीच्या २,४०० ला नाव चौदा दिवस त्याच्यासाठी राखून ठेवत आहोत आणि व्यवहार त्याला सोयीच्या एस्क्रोमार्फत करू, एवढे पुरे. स्पष्टीकरणे देत बसू नये आणि उत्तर आले नाही तर पुन्हा लिहू नये. ९,००० चा फलक मात्र आजच सगळीकडून उतरवावा.

एक इशारा जाता जाता. यादीत कोणाच्या ट्रेडमार्कवर बेतलेले एखादे नाव असेल तर त्याला योग्य किंमत अशी नसतेच. डोमेन नावांच्या व्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ साली स्वीकारलेल्या विवादनिवारण धोरणात, ट्रेडमार्कधारकाला किंवा त्याच्या स्पर्धकाला नोंदणीच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त किमतीला विकण्याच्याच मुख्य हेतूने नाव नोंदवणे, हा वाईट हेतूचा पुरावा मानला आहे. सामान्य शब्दांच्या नावाला चढी किंमत लावणे हा गुन्हा नव्हे, परंतु ट्रेडमार्कच्या नावाला लावलेला मोठा आकडा आपल्याच विरुद्ध दाखवला जातो. शिवाय ट्रेडमार्कधारकाने तक्रार जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे नेल्यास एकसदस्यीय निवाड्यासाठी एक ते पाच नावांचे शुल्क १,५०० डॉलर आहे. वकिलाचा खर्च वेगळा. ट्रेडमार्कधारक आपल्या किमतीशी हीच रक्कम ताडून पाहतो. अशी नावे मुदतीला सोडून द्यावीत.

किमतींचा आढावा वर्षातून एकदाच, प्रत्येक नावाच्या नूतनीकरणाच्या तारखेआधी सुमारे तीन महिने घ्यावा. ते नाव आज कोरे मिळाले असते तर त्यावर हे पैसे भरले असते का, एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर नाही असे आले तर त्या तीन महिन्यांपुरती किंमत खरोखर पाडावी, लांबट नाव वापरणाऱ्या दोन-चार धंद्यांना प्रत्येकी एक स्वतंत्र पत्र पाठवावे, व्यापारी लिलावातही ते ठेवून पाहावे, आणि काही झाले नाही तर जाऊ द्यावे. त्या साठ नावांपैकी बहुतेकांबाबत आपण हेच करावे असे मला वाटते. मुदत संपल्यावर रजिस्ट्रार बहुधा काही आठवड्यांची सवलत देतात, पण ती प्रत्येकाकडे आणि प्रत्येक एक्स्टेन्शनला सारखी नसते. त्यानंतर सामान्यतः तीस दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो आणि त्यात नाव परत घेण्यासाठी नूतनीकरणाच्या कित्येक पट शुल्क भरावे लागते. तेवढे भरावेसे वाटेल असे एखादे नाव त्या साठांत असेल, तर त्याचे नूतनीकरण मुदतीआधीच करून टाकावे.